प्रार्थना सुचत नाही तेव्हा

ताई, यजमानांच्या आजारपणात प्रार्थना सुचत नाही म्हणजे माझा विश्वास ढळला, असं तुम्ही लिहिलंत. मला ते पटत नाही. बायबलमधलं 42वं स्तोत्र काढून बघा. रात्रंदिवस आसवंच ज्याचं अन्न झाली, तो माणूस देवालाच विचारतो, मला का विसरलास? ही तक्रार पवित्र शास्त्रातच आहे! पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली. बाई स्वतः थकलेल्या, तरी केडगावला बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी धरून ठेवलं. एप्रिल 1922 मध्ये त्याही गेल्या. तुम्ही सध्या रोज एकच स्तोत्र मोठ्याने वाचा, शब्द आयते मिळतील. रविवारी उपासनेला जाता येत नसेल तर चर्चच्या पाळकांना सांगा, प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, ते घरी येऊनही देतात.