मदत हवी आहे: ब्रश कटर गरम झाला की बंद पडतो

देवगडला हापूसच्या बागेत गवत काढणं चालू आहे. मशीन ५२ सीसी टू-स्ट्रोक. थंड असताना लगेच सुरू. दहाएक मिनिटांनी फुल रेसवर गुदमरून बंद, आणि निवल्याशिवाय परत लागत नाही. त्याच क्षणी प्लग काढला तर ठिणगी चांगली, टोक मात्र कोरडं ठणठणीत. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय.

पेट्रोलमध्ये लिटरला २५ मिली टू-टी ऑइल, मिश्रण ताजं. प्लग आणि टाकीतला फिल्टर नवे, सायलेन्सरची जाळी साफ, कार्ब्युरेटर धुतलाय. टाकीचं झाकण सैल ठेवूनही फरक नाही. रेस सोडली तरी इंजिनचा वेग पटकन खाली येत नाही, हे जास्त खटकतंय; कुठून तरी जादा हवा आत जात असावी.

पार्ट बाहेरून मागवावे लागतात. आधी डायफ्रॅम किट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल खेचणारे पातळ पडदे) बदलू की क्रँकचं ऑइल सील (शाफ्टभोवतीची रबरी रिंग)? आणि प्रेशर टेस्टर नसताना सील हवा खेचतंय हे घरी कसं ओळखायचं?