तण, रान की आणखी काही? चित्रांना नाव हवंय

मंडळी, एक शब्द सुचवा. यंदा पाऊसभर देवगडला घरी होतो तेव्हा गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला जे उगवतं ते वॉटरकलरमध्ये काढत बसलो, टाकळा, कुर्डू, एकदांडी, आघाडा, रानमोडी, अशी आठ चित्रं झालीत आणि सगळ्यांना मिळून एक मराठी नाव द्यायचंय. 'रानफुलं' नको, टाकळ्याच्या चित्रात फूल नाहीच, नुसत्या शेंगा आहेत. 'तण' म्हटलं तर आई म्हणते शेतकी खात्याचा तक्ता वाटेल.

खरं तर तण आला तृणावरून, म्हणजे मुळात साधं गवत, त्यात नकोसं काही नव्हतंच. 'तण खाई धन' म्हणणाऱ्यांनी त्याला पार चोर करून टाकला.

घाटावरचा: आमच्याकडे भांगलण, विदर्भात निंदण, तुमच्याकडे बेणणी. सगळे शब्द उपटायचे नाहीतर कापायचे, बघायचा एकही नाही. सरळ 'रान' लिहा की.

मूळ धागाकर्ता: रानात लोच्या आहे हो. तुम्ही 'रानात जाऊन आलो' म्हणता तेव्हा शेतात गेलेले असता, आणि आमच्या बागेत रान माजलं म्हणजे बेणायला माणसं बघा!

खाडीकाठ: जर्मन चित्रकार ड्यूररचं १५०३ चं वॉटरकलर बघा, व्हिएन्नात अल्बर्टिना संग्रहालयात आहे. गवत, डँडेलियन असलंच सगळं, तेही जमिनीला डोळा लावल्यासारखं काढलेलं, आणि जर्मन नावाचा अर्थ काय तर 'हिरवळीचा मोठा तुकडा', बस. आपल्या जवळचं म्हणाल तर 'हॉर्टस मलबारिकस', मलबारातल्या वनस्पतींवरचा लॅटिन ग्रंथ, १६७८ ते १६९३, बारा खंड, त्यात चित्रांवर कोकणी नावं चक्क नागरीत कोरलीत. तेव्हा एकच नाव कशाला, ज्याचं त्याचं लिहा ना.

माटवीवाली: +१. आणि चतुर्थीला तेरडा माटवीला, म्हणजे गणपतीवरच्या मांडवीला बांधतो, आघाडा पत्रीत जातो, तेव्हा कोण म्हणतं तण?

मूळ धागाकर्ता: हे पटलं. एकदांडी काढताना तेच झालं, वीतभर दांडी, बारीक लव, पान एक नाही आणि टोकाला एकच फूल, बाहेरच्या पाकळ्यांना तीन-तीन दाते. नाव ठेवणाऱ्याने माझ्याआधीच नीट बघितलं होतं. रानमोडीच्या बाबतीत मात्र नावातच तक्रार आहे, ती तशीच ठेवतो, शेवटी बाहेरून येऊन रान मोडलंय तिने.

शेजारच्या काकीला विचारलेलं, तण म्हणजे नेमकं काय गो? तर म्हणाली, "भातात इला तर तण, चुलीर गेला तर भाजी." मग तिला टाकळ्याचं चित्र दाखवलं, त्या कोयतीसारख्या वाकड्या शेंगांना मी चार दिवस घातले होते. चष्मा लावून बराच वेळ बघितलं तिने.

"ह्यो टाकळो जून झालो, आता भाजयेक नको."