नॉटिलसचे दालन व्हीआरमध्ये : प्रेक्षकाला समुद्रात न्यावे का?

प्रश्न
नमस्कार. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतील नॉटिलस पाणबुडीच्या दालनावर मी क्विल या त्रिमितीत चित्रे रंगवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटी ॲनिमेटेड व्हीआर (आभासी वास्तव) कलाकृती रंगवत आहे. दालनाची मापे व्हर्नने स्वतःच दिली आहेत : लांबी १० मीटर, रुंदी ६ आणि उंची ५. हेडसेट लावताच आपण त्या खऱ्या आकाराच्या दालनात उभे राहतो, आणि याच कारणासाठी मी हे माध्यम निवडले. मात्र प्रेक्षकाला खिडकीबाहेर नेऊन समुद्रातून फिरवावे की आतच ठेवावे, हे ठरत नाही. शिवाय १८७१च्या सचित्र आवृत्तीतील कोरीव चित्रांसारख्या बारीक छायारेषा मला हव्या आहेत, पण हेडसेटमध्ये त्या सतत थरथरतात.

प्रतिसाद १
आतच ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. डोळ्यांना गती दिसते पण आतल्या कानाला ती जाणवत नाही, तेव्हा अनेकांना मळमळू लागते. भिंती, दालनातले ऑर्गन हे नळ्यांचे वाद्य आणि खिडकीची चौकट स्थिर असली, तर बाहेरचे मासे संथपणे मागे सरकूनही पाणबुडी पुढे जात असल्याचा भास होतो आणि त्रास कमी होतो. प्रसंगाची मांडणीही व्हर्नने करून ठेवली आहे : आधी छताचा प्रकाश विझतो, दालनात काळोख होतो आणि मग दोन्ही बाजूंची झडपे सरकून विजेने उजळलेला समुद्र दिसतो. व्हीआरमध्ये प्रेक्षक कोणत्या क्षणी कुठे पाहील, हे आपल्या हाती नसते. म्हणून हा काळोख अजिबात आखडू नये, आणि झडपांचा आवाज खिडकीच्याच दिशेने यावा.

प्रतिसाद २
रेषा एका पिक्सेलपेक्षा बारीक झाली की डोके किंचित हलताच ती दिसते-नाहीशी होते. क्विलमधला प्रत्येक फटकारा त्रिमितीय आकारच असतो, तेव्हा बारीक काम ऑर्गन आणि चौकटीपुरते ठेवून दूरच्या रेषा जाड व विरळ काढाव्यात. दूरच्या पाण्यात रेषा नकोतच, रंगांचे थर पुरेत. लाल रंगही तिथे टाळावा, कारण पाणी तो सर्वांत आधी शोषते. मासे सेकंदाला १२ चित्रांनी हलले तरी हाताने काढल्याचा गोडवा राहतो. हेडसेटमधले दृश्य मात्र ७२ किंवा ९० वेळा नव्याने उमटलेच पाहिजे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. पूर्ण काळोखात हेडसेट बंद पडला असे प्रेक्षकाला वाटू नये, म्हणून ऑर्गनच्या नळ्यांवर पुसट चमक ठेवून पाहतो.