सकाळी फिरून आल्यावर दिवसभर बसणे: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा (लातूर)

फ्लॅट २०४: सर्वांना नमस्कार. सकाळी क्रीडा संकुलावर फेऱ्या मारून आल्यावर दिवसभर दुकानात बसले तर काय बिघडते, असे ३०३ च्या काकांनी काल विचारले होते. काका, आपले सकाळचे फिरणे मोलाचेच आहे. परंतु त्यानंतर सलग चार-चार तास बसून राहिले की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातील साखर फारशी ओढून घेत नाहीत आणि पायांतले रक्त वर ढकलण्याचे पोटऱ्यांचे कामही मंदावते. माझे वडील मार्केट यार्डात आडतीवर हिशेब लिहीत. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खोल वळ दिसे, बोटाने दाबले तर खळगा तसाच राही. आम्ही त्याला थकवा समजलो, याची मला आजही खंत वाटते. (अशा सुजेची इतर कारणेही असतात, म्हणून ती डॉक्टरांना दाखवावीच.)

अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ११ जणांना वेगवेगळ्या दिवशी आठ-आठ तास बसवले होते. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे सावकाश चालल्यावर रक्तदाब ४-५ अंकांनी उतरला, आणि भरपेट जेवणानंतर साखर जी एकदम चढते ती नुसते बसून राहण्याच्या तुलनेत ५८ टक्क्यांनी कमी चढली. माणसे थोडी होती, हे खरे. तरी परिणाम दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

फ्लॅट १०१: भाऊजी, आमचा मुलगा नीटची तयारी करतो. तो खुर्चीवरून उठला की आम्हीच त्याला पुन्हा बसवतो. शिवाय या उन्हात त्याने चालावे कुठे?

फ्लॅट २०४: वहिनी, ताशी तीन किलोमीटरचा वेग पुरतो, त्यामुळे घराबाहेर पडण्याची गरज नाही. त्याच्या टेबलावरची पाण्याची बाटली काढा आणि माठ स्वयंपाकघरातच राहू द्या. पाणी प्यायला उठला की हॉलमध्ये चार येरझाऱ्या घालून मगच बसू द्या. त्याला उठू देणे म्हणजे अभ्यास बुडवणे नव्हे, एवढे कृपया मनावर घ्या.

फ्लॅट ३०३: गिऱ्हाईक समोर असताना दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे गल्ला सोडणे मला जमणार नाही. मात्र कापडाचा तागा काढायला मी नोकराला हाक मारतो, तो उद्यापासून मीच उठून काढीन.

फ्लॅट २०४: अवश्य काढा, काका. त्याच प्रयोगात दर अर्ध्या तासाला एक मिनिट चालल्यानेही साखरेवर थोडा चांगला परिणाम दिसला होता. फक्त दुपारचा डबा खाल्ल्यावर लगेच गादीवर टेकू नका. त्या वेळची पाच मिनिटे चुकवू नका.