उभ्या उतारावर किक टर्न घेताना स्की सरकते, काय चुकतं?

प्रश्न:
सपाटीवर किक टर्न (जागेवर उभं राहून एकेक स्की उचलून उलट दिशेला फिरवणं) जमते. उतार ३० अंशांच्या आसपास गेला की एक स्की उचलताच दुसरी पुढे सरकते. टाचा बाइंडिंगमध्ये (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीत) पक्क्या आहेत, दरीकडे तोंड करून वळायचं आहे. पोल (हातातल्या काठ्या) कुठे रोवायचे?

उत्तर १:
पुढे सरकतेय म्हणजे स्कीची टोकं थोडी खाली झुकली आहेत. बर्फाचा छोटा गोळा सोडून बघा. तो ज्या वाटेने घरंगळतो ती फॉल लाइन, आणि स्की तिला बरोबर काटकोनात हवी. शेपूट, म्हणजे मागचं टोक, खाली असेल तर तीच स्की मागे जाते. उभं राहिल्यावर दोन-तीनदा जोरात पाय आपटून दोन्ही स्कींसाठी खाच करा. भुसभुशीत बर्फात हे न करता वळायला जाऊच नका.

आता वळण. धड दरीकडे फिरवा आणि दोन्ही पोल मागे, वरच्या बाजूला रोवा: एक स्कीच्या टोकाकडे, एक शेपटीकडे. भार वरच्या, म्हणजे डोंगराकडच्या, स्कीवर. खालची स्की पुढे झोकून उभी करा, तिची शेपूट दुसरीच्या टोकाजवळ बर्फात टेकवा. तिथून ती दरीच्या बाजूने फिरवून उलट दिशेला आडवी ठेवा. पाय आता विरुद्ध दिशांना आहेत. इथे घाई नको! फिरवलेल्या स्कीची डोंगराकडची कड बर्फात रुतली की मगच भार तिच्यावर द्या, मग दुसरी उचलून फिरवा. ती खालच्या बाजूला येते.

उत्तर २:
वरचं बरोबर आहे, पण खरी गोम भीतीत आहे. दरी दिसली की माणूस नकळत डोंगराकडे कलतो. धड वर कललं की कडांवरचा भार कमी होतो आणि स्की निसटते. गुडघे डोंगराकडे, खांदे दरीवर.

टणक, काचेसारख्या बर्फावर मात्र मी ही टर्न सुचवणार नाही. तिथे साइडस्लिप करा: गुडघे किंचित दरीकडे सोडले की कडा सुटतात, परत आत घेतले की थांबता. असं आडवं घसरत वळायला रुंद जागा मिळेपर्यंत खाली या.

प्रश्नकर्ता:
स्किन (स्की मागे घसरू नये म्हणून तळाला लावायची पट्टी) लावून वर चढताना पण हाच क्रम?

उत्तर १:
नाही. तिथे आधी वरची स्की डोंगराच्या बाजूने फिरवायची, आणि जवळ ठेवायची. फार वर टाकली की पाय फाकतात, मग दुसरी उचलताच येत नाही. भार वरच्या स्कीवर गेला की खालचा पाय मागे घेऊन टाच झटक्यात खाली दाबा. टाच मोकळी असल्याने स्कीचं टोक वर उसळतं, त्याच क्षणी ती फिरवा. झटका न देता ओढली तर टोक बर्फात अडकतं, आणि बहुतेक पडझड इथेच होते.

उत्तर ३:
पोलचे पट्टे मनगटातून काढून ठेवा. रोवलेला पोल अडकला तर हात मागे खेचला जातो. शिवाय ३० ते ४५ अंशांचा उतार हिमस्खलनाचाही असतो, तिथे वळणाच्या जागी एका वेळी एकानेच उभं राहावं.