चावी काढली तरी मर्सिडीज बंद होत नाही, ब्रेक पण दगड झाला. काय करू?

आर्वीवाला:
राम राम मंडळी. गाडी मामाची आहे, १९९६ ची ई २५० डी, डब्ल्यू १२४ म्हणतात ती, पाच सिलिंडर डिझेल, मॅन्युअल गिअर. मामाचं जिनिंग जोरात होतं तेव्हा घेतली, मग जिनिंग बसलं अन् गाडी पण शेडमध्ये सरकीच्या पोत्यांजवळ दोन वर्षं बसून राहिली. दिवाळीपासून माझ्याकडे आहे. बॅटरी टाकली, जुनं डिझेल काढलं, फिल्टर बदलले, सुरू झाली.

आता प्रॉब्लेम असा का चावी काढून हातात घेतो तरी इंजिन चालूच. पहिल्यांदा तर मी चावी खिशात टाकून जेवायला बसलो, आई म्हणे अंगणात काय धडधड करून राहिलं रे. आता चौथ्या गिअरमध्ये टाकतो, ब्रेक दाबतो अन् क्लच सोडतो, झटका बसते अन् बंद होते. दुसरं म्हणजे ब्रेक. पेडल असं कडक का दोन्ही पायांनी दाबावं लागते, परवा फाट्यावर बंडी आडवी आली तर थांबवता थांबवता घाम फुटला. सकाळी सेल पण लय वेळ मारावा लागते. अन् एसी उभ्या गाडीत गरम हवा फेकते.

नागपूरच्या एका वर्कशॉपनं बूस्टर (ब्रेकला जोर देणारा डबा) अन् मास्टर सिलिंडर मिळून ३८ हजार सांगितले, बंद होत नाही त्यासाठी इग्निशन स्विच अजून ११ हजार. एवढ्यात तर शेतातली मोटर नवीन येते. चांगला मिस्त्री अन् पार्ट कुठं मिळतील ते सांगा.

ट्रॅक्टरमिस्त्री:
चावीचं टेन्शन कायले घेता भाऊ, ट्रॅक्टरसारखी स्टॉपची केबल टाका अन् डॅशबोर्डखालून ओढत जा, ३०० रुपयात काम. 😄

पुणेकर_डिझेल:
सेंट्रल लॉक नीट चालतं का? या गाड्यांमध्ये लॉकच्या नळीत लीक झालं की इंजिन बंद होत नाही, माझ्या काकांच्या गाडीला हेच झालं होतं.

मायको_काका:
पुणेकर, तुमच्या काकांची गाडी १२३, म्हणजे १२४ च्या आधीचं मॉडेल असेल. त्याच्यात लॉक अन् इंजिन बंद करणं एकाच व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर चालते म्हणून तसं होते. १२४ ला लॉकचा पंप वेगळा, इलेक्ट्रिक, मागच्या सीटखाली. त्याचा इंजिनाशी संबंध नाही.

आर्वीवाला भाऊ, तुम्ही दोन प्रॉब्लेम लिहिले पण मला तो एकच दिसून राहिला. पेट्रोल गाडीत चावी बंद केली का करंट जाते अन् काम संपते. तुमच्या डिझेलला चालू राहायला करंट लागतच नाही. चावी बंद केल्यावर स्विचमधून व्हॅक्यूम मायको पंपावरच्या (इंजिनात डिझेल मारणाऱ्या पंपावरच्या) छोट्या व्हॉल्व्हपर्यंत जाते अन् तो डिझेल तोडते. ब्रेकचा बूस्टर पण व्हॅक्यूमवरच. आता डिझेलमध्ये पेट्रोलसारखा थ्रॉटलमागे व्हॅक्यूम बनत नाही, म्हणून इंजिनाच्या समोर टायमिंग कव्हरवर वेगळा व्हॅक्यूम पंप बसवलेला असते. इंजिन बंद होत नाही अन् पेडल पण कडक, दोन्ही एकाच वेळी, म्हणजे आधी त्या पंपाकडे पाहायचं. बूस्टरचे पैसे खिशात ठेवा.

घरी करायची टेस्ट. इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा मारा, पेडल कडक झालं का तसंच दाबून ठेवून गाडी सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली बसलं पाहिजे. मग गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, चाकाला दगड लावून, आयडलला पंपाकडून बूस्टरला जाणारी जाडी नळी काढा अन् पंपाच्या तोंडावर बोट ठेवा. बोट जोरात ओढलं पाहिजे. व्हॅक्यूम गेज मिळाला तर (पाऱ्याच्या) २० इंचाच्या वर यायला पाहिजे. पंखा अन् बेल्ट तिथंच फिरतात, गमछा गळ्यात ठेवून वाकू नका.

बंद करायला झटके मारणं सोडा. मायको पंपावरच स्टॉपची दांडी आहे, बॉनेट उघडून ती दाबली का इंजिन बंद. मिस्त्रीबुवाच्या केबलनं पण तेच होईल, पण तुमचा ब्रेक त्या केबलनं सुधारणार नाही.

आर्वीवाला:
काका, आत्ताच करून पाहिलं. पेडल खाली बसते पण आळशासारखं, दहा-बारा सेकंदानं. बोट ठेवलं तर वासरू चाटते तसं वाटलं, जोर काहीच नाही. दांडी सापडली, दाबली तर एकदम चूप झाली गाडी, आई पण खूश. अजून एक, समोरून बारीक खडखड येते, मला वाटे बेल्टची असेल.

मायको_काका:
खडखड येते तर गाडी उभी करा. आज, आत्ता. दुकानापर्यंत पण नेऊ नका. या पंपाच्या आत रोलर अन् बेअरिंग असते, ते तुटलं का गोळ्या सरळ टायमिंग चेनमध्ये पडतात. मग चेन उडते, व्हॉल्व्ह वाकतात, पूर्ण इंजिन जाते. ६०२, ६०५ नंबरच्या इंजिनांच्या सगळ्या खानदानात होते हे, किलोमीटर अन् वय झालं का. मिस्त्री घरी बोलवा. पंप काढताना एक-दोनच बोल्ट पूर्ण खोलू नका, सगळे थोडे थोडे सैल करत जा, आतून स्प्रिंगचा दाब असते. काढल्यावर रोलर बोटानं हलवून पाहा अन् गोळ्या सगळ्या जागेवर आहेत का मोजा.

धामणगावकर:
काकांचं ऐका. अन् मिस्त्रीसाठी मर्सिडीजवाला शोधत बसू नका, अमरावतीला ट्रॅक्टरचे अन् ट्रकचे फ्युएल पंप खोलणारे आहेत, इनलाइन पंप, म्हणजे तुमच्यासारखाच मायको पंप, त्यांच्या रोजच्या हातातला आहे. स्कॅनर लावणाऱ्या पोराला हे व्हॅक्यूम समजत नाही, कोड येत नाही तर तो पार्ट बदलत राहते. मुंबईला कुर्ल्यात जुने पार्ट मिळतात पण हा पंप जुना घेऊ नका, नवीनच घ्या, सोबत गॅस्केट पण. ऑर्डर देताना इंजिन नंबरचे पहिले सहा आकडे सांगा, नुसतं "ई २५०" म्हटलं तर दुकानदार काहीही पाठवते.

एक विचारतो, सकाळचा सेल कसा मारता? ६०५ असेल तर मायको पंपाजवळ पारदर्शक प्लास्टिकच्या नळ्या दिसतील. रात्रभर उभी ठेवून सकाळी सेल मारताना कोणाला तरी त्या नळ्या पाहायला सांगा. बुडबुडे दिसले तर ओ-रिंग कडक होऊन हवा ओढून राहिल्या. तीस वर्षाचं रबर आहे, होणारच. ओ-रिंग बदला, नळ्या चिरल्या असतील तर त्या पण. बुडबुडे नसले तर मग ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आतून गरम करणारे) मीटरवर तपासा, चांगला प्लग एक ओहमच्या आत दाखवते. सगळ्यात मागचा हाताला येत नाही म्हणून मिस्त्री तो तपासतच नाही, तुम्ही उभे राहून तपासून घ्या.

आर्वीवाला:
नंबर ६०५ पासूनच सुरू होते. नळ्या पिवळ्या पडल्या, बुडबुडे मोत्याच्या माळेसारखे. पंप मागवतो. पण नवीन पंप लागूनही इंजिन बंद नाही झालं तर?

मायको_काका:
तर मायको पंपावरच्या व्हॉल्व्हची बारकी नळी काढून पाहा. आत तेल असेल तर डायफ्राम फाटला, व्हॉल्व्ह नवीन. कोरडी असेल तर जनावराच्या डॉक्टरकडून ५० ची सिरिंज आणा, व्हॉल्व्हला नळीनं जोडा, गाडी चालू ठेवून दांडा मागे ओढा. इंजिन बंद झालं म्हणजे व्हॉल्व्ह चांगला आहे, गळती चावीकडच्या नळीत नाहीतर स्विचमध्ये. तेव्हा कुठं स्विचचा विचार करा.

आर्वीवाला (अकरा दिवसांनी):
झालं! धामणगावहून फ्युएल पंपवाले दादा मोटरसायकलवर आले, अंगणातच पंप काढला. रोलर दातासारखा हलून राहिला होता, बेअरिंगची जाळी एका बाजूनं फुटलेली, पण गोळ्या सगळ्या जागेवर, दोनदा मोजल्या, ताटलीत घेऊन आईला पण दाखवल्या. नवीन पंप, गॅस्केट, ओ-रिंग, मजुरी सगळं धरून १९ हजाराच्या आत बसलं. आता चावी फिरवली का लगेच बंद. ब्रेक इतका हलका का पहिल्या दिवशी मामाचं डोकं समोर आदळता आदळता राहिलं. सकाळी पण एका सेलमध्ये.

एसी राहिला फक्त. रेडिएटरसमोरची जाळी पाहिली तर आत कापूस अन् धूळ मिळून गोधडी झालेली आहे.

धामणगावकर:
ती गोधडी आधी काढा, कंडेन्सर (एसीची तीच जाळी) इंजिनाकडून बाहेर असा हळू पाण्यानं धुवा, प्रेशर मारू नका, पत्ती वाकते. मग एसी लावून समोरचे इलेक्ट्रिक पंखे फिरतात का पाहा. गॅस भरायला त्याच्यानंतरच जा.

ट्रॅक्टरमिस्त्री:
मी केबल आणून ठेवली होती ना भाऊ 😄