मदत हवी आहे: चिव्हिता दि बान्योरेजो (इटली) – आईबाबांसोबत, गाडी न घेता, निवांत बघायचं आहे

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरअखेर, म्हणजे गौरी-गणपती आटोपले की, आईबाबांना घेऊन इटलीला जातेय. व्हिसा झाला, रोम आणि फ्लॉरेन्सचं आरक्षणही झालं. या दोन शहरांच्या मध्ये थोडे मोकळे दिवस मुद्दाम राखलेत, ते चिव्हिता दि बान्योरेजो या एका गावासाठी. तिथे राहून आलेल्या किंवा त्या भागात राहणाऱ्या कुणाचं मार्गदर्शन मिळालं तर फार बरं होईल.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: रोमच्या उत्तरेला, लात्सिओमधल्या व्हितेर्बो जिल्ह्यात एका सुट्या टेकडीच्या माथ्यावर हे गाव आहे. वसवलं एट्रुस्कन लोकांनी, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी. आज दिसणारी घरं, कमानी, बोळ बरेचसे मध्ययुगातले. टेकडी चहूबाजूंनी ढासळते आहे. १६९५च्या भूकंपानंतर बिशप आणि गावचा कारभार शेजारच्या बान्योरेजोत हलला आणि मग हळूहळू माणसंही गेली. आता कायमची वस्ती जेमतेम डझनभर लोकांची. आत जायला १९६५ साली बांधलेला, सुमारे ३०० मीटर लांबीचा पादचारी पूल आहे आणि पाच युरोचं तिकीट.

नेटवर जे सापडतं ते बहुतेक ‘रोमहून एका दिवसात’ छापाचं. पुलावर फोटो, चौकात कॉफी, परत बस. मला तसं नको आहे. बाबांनी उभी हयात सह्याद्रीतले किल्ले पायी पाहिले आणि आम्हालाही दाखवले. त्यांचा एक नेम असायचा: आदल्या रात्री पायथ्याच्या गावात मुक्काम, गावकऱ्यांशी गप्पा, आणि गड चढण्याआधी गडाचा घेर खालून बघून घ्यायचा. चिव्हिताही असंच बघावं, भोवतालची दरी, शेतं, ती मातीची पांढुरकी कडेकपारं यांच्यासकट, अशी त्यांची इच्छा आहे आणि माझीही.

अडचणी दोन. आईचे गुडघे: सपाटीला ती तासभर आरामात चालते, पण चढापेक्षा उताराला घाबरते. आणि दोघंही शाकाहारी. अंडं चालतं, मासा नाही.

आता प्रश्न. मुक्काम चिव्हितातच करावा, बान्योरेजोत, की जवळच्या ओर्व्हिएतो शहरात राहून जाऊन-येऊन करावं? गाडी भाड्याने घ्यायची माझी तयारी नाही, तर बसने हे जमतं का? बाबांना आणि मला दरीत उतरून चालायचं असेल तर वाटा कशा आहेत? त्या वेळात आईला नुसतं बसवून ठेवायचं नाही, तिच्यासाठीही काही बघण्यासारखं हवं. आणखी एक: इतक्या नाजूक गावात आपण जातोय तर आपले पैसे तिथल्या लोकांच्या हाती जावेत असं वाटतं. ते कसं साधावं?

– सांजवेळ

पाऊलवाट:

ताई, बसने जमतं, फक्त वार सांभाळा. रोमहून प्रादेशिक रेल्वेने ओर्व्हिएतो, सव्वा ते दीड तास. तिथून कोत्राल कंपनीची निळी बस बान्योरेजोला तासाभरात पोचवते. पण बस दिवसातून मोजक्याच असतात आणि वेळा शाळा-कॉलेजांना धरून लावलेल्या असतात. रविवारी आणि सुटीच्या दिवशी या मार्गावर बस नाहीच असं धरून चाला. तिकीट आधीच बारमध्ये किंवा ‘तबाक्की’ म्हणजे तंबाखूच्या दुकानात घेऊन ठेवा. परतीची बस कोणती ते उतरल्या उतरल्या थांब्यावरचा कागद वाचून पक्कं करा आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

बस बान्योरेजोच्या अलीकडच्या टोकाला सोडते. पूल दुसऱ्या टोकाला, मधे दीड-दोन किलोमीटर सरळ गावातून चालायचं. गावातली छोटी बस पुलाच्या बाजूला नेते, आईंसाठी ती घ्या.

मोठ्या बॅगा सोबत नसतील तर उत्तम. पुलावर बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे, सामान स्वतःच वाहायचं.

उंबरठा:

सासूबाईंना घेऊन राहिले आहे, त्यांचेही गुडघे असेच, म्हणून लिहितेय.

पुलाचा सुरुवातीचा भाग उताराचा, मग चढ, आणि दरवाजाजवळचा शेवटचा टप्पा चांगलाच खडा. कठडा धरून, थांबत थांबत गेलं तर होतं. येताना मात्र तोच खडा भाग उताराचा असतो, आणि तुमच्या आईंची भीती नेमकी तिथली आहे. काठी न्या आणि गर्दी नसताना उतरा. बाजूने माणसं ढकलत नसली की अर्धी भीती जाते.

म्हणून माझं मत: मुक्काम बान्योरेजोत. चिव्हितातल्या खोल्या जुन्या घरांत आहेत, जिने अरुंद आणि दगडी. बान्योरेजो हे पर्यटकांसाठी मांडलेलं गाव नाही. तिथे बेकरी आहे, म्हातारी माणसं बाकांवर बसतात, मुलं शाळेत जातात. बाबांच्या ‘पायथ्याच्या गावात मुक्काम’ या नेमात ते अगदी बसतं. सकाळी लवकर पूल ओलांडा. दहानंतर बसगाड्या भरून लोक येतात, चारनंतर ओसरतात. मधला वेळ बान्योरेजोत जेवण आणि विश्रांती, संध्याकाळी वाटलं तर पुन्हा.

आत गेल्यावर सान्ता मारिया दरवाजापाशी थांबा. वरच्या बाजूला दगडी सिंह आहेत, पंजात माणसाचं मुंडकं धरलेले. ओर्व्हिएतोच्या मोनाल्देस्की घराण्याविरुद्ध गावकऱ्यांनी केलेल्या उठावाची ती खूण आहे. तसेच पुढे गेलात की एका वाड्याची दर्शनी भिंत लागते. दार आहे, खिडक्या आहेत, आणि खिडक्यांतून पलीकडचं आभाळ दिसतं. मागचा वाडा कड्याबरोबर केव्हाच गेला. आमच्या सासूबाई तिथून हलायला तयार नव्हत्या. सान दोनातो चर्चचा चौक मात्र सपाट आहे, बारीक खडीचा. तिथे आईंना खुशाल तासभर बसता येईल, चर्चमधला जुना लाकडी क्रूस बघता येईल.

खाण्याचं: भाजलेल्या पावावर ऑलिव्हचं तेल आणि टोमॅटो, हाताने वळलेला जाड पास्ता, हरभरे आणि चेस्टनटचं सूप हे त्या भागातलं घरगुती अन्न आहे. ‘सेन्झा कार्ने’ (मांस नको) एवढं म्हणून थांबू नका. सूपमध्ये मांसाचं पाणी किंवा डुकराच्या चरबीचे तुकडे आहेत का ते वेगळं विचारा, कारण अनेक स्वयंपाकघरांत त्याला मांस म्हणून मोजतच नाहीत. बऱ्याच चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) असतं, ते चालतं का हे आईबाबांना आधीच विचारून ठेवा.

काळा कातळ:

भूशास्त्र शिकवतो, म्हणून दरीबद्दल लिहितो. या गावाचं सगळं कथानक दगडात आहे.

वर टफ आहे, म्हणजे ज्वालामुखीची राख घट्ट होऊन झालेला दगड. ही राख आली बोल्सेना सरोवराच्या बाजूच्या ज्वालामुखींतून. त्याखाली त्याहून जुनी, एके काळच्या समुद्रतळाची चिकणमाती. दरीतले दोन ओढे, रिओ कियारो आणि रिओ तोर्बिदो, आणि पावसाचं पाणी ही माती सतत खरवडतात. माती सरकली की वरचा टफ अधांतरी होतो, त्याला उभ्या भेगा जातात आणि कड्याचा आख्खा पापुद्रा खाली येतो. तुम्ही म्हणता ती पांढुरकी कडेकपारं म्हणजे ‘कलांकी’: उघडी पडलेली तीच माती, पाण्याने कातलेली, धारदार कण्यांची. कडा धरून ठेवण्यासाठी पोलादी सळ्या घातल्या आहेत, हालचालींवर उपकरणांनी नजर ठेवतात, पण झीज थांबलेली नाही. तेराव्या शतकातले थोर फ्रान्सिस्कन संत बोनाव्हेंतुरा याच गावात जन्मले. त्यांचं घरही कड्याबरोबर गेलं.

बाबांना एक फरक हाताला जाणवेल. आपला बेसाल्ट छिन्नीला सहज दाद देत नाही, टफ कुदळीने खणता येतो. म्हणून गावाच्या पोटात तळघरं, गुहा, दारूची कोठारं, ऑलिव्हचे घाणे आहेत. काही आत जाऊन बघता येतात, जरूर बघा. पालाझ्झो अलेमान्नीत भूशास्त्राचं आणि दरडींचं छोटं संग्रहालय आहे. दरीत उतरण्याआधी ते पाहिलंत तर पुढे प्रत्येक कडा वाचता येईल.

चालण्यासाठी: गावाच्या मागच्या टोकाला वाट उतरत जाते आणि टेकडीच्या पोटातून कोरलेलं एक जुनं भुयार लागतं, ‘बुकायोने’. तिथून दरीत जाता येतं. दरडींमुळे वाटा अधूनमधून बंद करतात, तेव्हा सकाळी तिकीटखिडकीवर चौकशी करूनच निघा आणि कलांकीच्या कण्यांवर चढण्याचा मोह टाळा. घेर बघायचाच असेल तर दरीपलीकडचं लुब्रियानो गाठा. तिथून चिव्हिता पूर्ण दिसतं: तळाची माती, वरचा टफ, त्यावर घरं. टॅक्सी सांगून ठेवलीत तर आईंनाही नेता येईल, एक पाऊलही चढायला न लावता.

पैशांबद्दलचा तुमचा प्रश्न आवडला. तिकिटाचे पैसे बान्योरेजोच्या पालिकेकडे जातात. तिकीट २०१३मध्ये सुरू झालं आणि त्या उत्पन्नावर पालिकेने रहिवाशांचे स्थानिक कर माफ केले. त्यापलीकडे मुक्काम तिथेच, जेवण तिथेच, तेलाची बाटली तिथल्याच घाण्याची, एवढं केलंत तरी पुष्कळ. दिवसभरात येऊन जाणारे लोक पुलावर भार टाकतात आणि गावात काही फारसं ठेवून जात नाहीत.

पाऊलवाट:

गाडीचा विचार बदललाच तर: भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो भारतातच आरटीओतून काढून न्यावा लागेल. आणि जुन्या गावांच्या गाभ्यात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरे असतात, दंडाची चिठ्ठी कित्येक महिन्यांनी येते.

सांजवेळ:

सगळ्यांचे मनापासून आभार. संध्याकाळी बाबांना प्रतिसाद वाचून दाखवले. टफ आणि चिकणमातीचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि मग वहीत त्याचं चित्र काढून आईला समजावलं.

ठरलं ते असं. मुक्काम बान्योरेजोत, रविवार वगळून. पहिल्या सकाळी तिघंही चिव्हितात, घाई न करता. दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी दरीत, आई चौकात, आणि दुपारी तिघं टॅक्सीने लुब्रियानोला. रेनेटचं आईला विचारलं. ती म्हणाली, चीज नको, तेल-पाव पुरे.

काळा कातळ काका, एक शंका राहिली: त्या दिवसांत पाऊस लागला तर?

काळा कातळ:

सप्टेंबरअखेर सरी येऊ शकतात. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर दरीचा बेत सरळ रद्द करा. ही माती भिजली की बुटाला किलोकिलोने चिकटते आणि उतारावर पाय ठरत नाही. बाबा कितीही तयारीचे असले तरी नको.

तो दिवस ओर्व्हिएतोला द्या. स्टेशनवरून फ्युनिक्युलरने (दोराने ओढल्या जाणाऱ्या चढावरच्या रेल्वेने) वर जाता येतं, म्हणजे आईंना चढ नाही. ते शहरही टफच्याच पठारावर आहे आणि त्याखाली बाराशेहून जास्त गुहा कोरलेल्या आहेत. मार्गदर्शकासोबत त्यांतल्या काही दाखवतात, कबुतरांसाठी भिंतीत खणलेले कोनाडेसुद्धा. बाबांना सान पात्रित्सिओची विहीर दाखवा: १५२७मध्ये रोम लुटलं गेल्यावर ओर्व्हिएतोत आश्रयाला आलेल्या सातव्या क्लेमेंट पोपने खणवलेली, पन्नास मीटरहून खोल, उतरायला एक जिना आणि चढायला दुसरा, मधे कुठेही न भेटणारे. पायऱ्या २४८ आहेत, तेव्हा आईंनी तिथे उतरू नये. त्यांच्यासाठी कॅथीड्रल आहे. १२९०मध्ये बांधायला घेतलेलं, भिंतींवर पांढऱ्या ट्रॅव्हर्टाइन दगडाचे आणि काळ्या बेसाल्टचे आडवे पट्टे, आणि आत सान ब्रित्सिओच्या चॅपेलमध्ये चित्रकार सिन्योरेल्लीची भित्तिचित्रं. आत बसून निवांत वर बघता येतं. विहीर आटोपून तुम्ही दोघं तिथेच त्यांना भेटा, आणि बान्योरेजोची शेवटची बस किती वाजता आहे ते तेवढं सकाळीच बघून ठेवा.